शेजारची सीट

मी एक जुनी शर्यतीची गाडी आहे. माझ्याबरोबर कारखान्यातून बाहेर पडलेल्या बहिणी केव्हाच भंगारात गेल्या. मला घडवलं तेच पळण्यासाठी. पत्रा पातळ, दारं हलकी, चैनीला जागा नाही. सीटा मात्र दोन होत्या : एक चालवणाऱ्याची, एक वळणं सांगणाऱ्याची.

तरुणपणी खूप टाळ्या ऐकल्या. मग नव्या गाड्या आल्या आणि माझ्यावर ताडपत्री आली. तिच्याखालून मला एका दातांच्या डॉक्टरांनी सोडवलं. सुटीच्या दिवशी ते मला चालवत, त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या बाई, शेजारी बसून वळणं सांगत. डॉक्टरांना डावं-उजवं पटकन उमगत नसे. समोरच्याचं डावं ते आपलं उजवं, यातच त्यांची हयात गेलेली. म्हणून बाईंनी सोपं केलं होतं. "आता माझ्याकडे! आता तुमच्याकडे! अहो, माझ्याकडे म्हणतेय ना!" आम्ही एकदाही रस्ता सोडला नाही.

पुढे डॉक्टर डोंगरावरच्या शर्यतीत उतरले आणि थोडक्यात हरले. मेकॅनिक म्हणाला, "वजन कमी करावं लागेल, डॉक्टर."

मित्रांनो, उपटणं हा डॉक्टरांचा व्यवसायच. सर्वांत आधी हॉर्न गेला. मग गालिचा गेला, काचा जाऊन प्लास्टिक आलं. पेडलांनाही भोकं पाडली. शेवटी मेकॅनिकच म्हणाला, "पुरे आता, भोकांना भोकं पाडाल!"

मग डॉक्टरांनी शेजारच्या सीटला पाना लावला. बाई चहा घेऊन आल्या होत्या.

"ही कशाला काढताय?"

"डोंगरावर एकट्यानं गेलेलं चालतं. तेवढंच वजन वाचेल."

"अगंबाई! म्हणजे या घरात माझं वजन होतं तर!"

मेकॅनिक हसला. डॉक्टरांनी नटावरून मान वर केली नाही. बाई कप ठेवून गेल्या, त्या कितीतरी दिवस गॅरेजकडे फिरकल्या नाहीत.

शर्यतीत आम्ही पहिले आलो. मग मला काट्यावर चढवलं. माझ्यासारख्या गाडीचं वजन इतकं कमी असून चालत नाही, असा नियम निघाला. निकाल रद्द झाला. भरपाई म्हणून मेकॅनिकने सीटच्या जागी वाळूचं पोतं ठेवलं आणि वर पट्टा बांधला.

डॉक्टर घरात जाऊन म्हणाले, "अगं, सीट परत बसवतो. येशील?"

"पोतं आहे ना? ते बोलतही नाही."

डॉक्टर गॅरेजात परत आले. त्यांना ते उत्तर वाटलं.

आता शर्यतींना आम्ही तिघं जातो : ते, मी आणि पोतं. वळण आलं की डॉक्टर वेग कमी करतात, हळूच पुटपुटतात, "तिच्याकडे," आणि मग स्टिअरिंग फिरवतात. वळण चुकत नाही, पण नंबरही येत नाही.

मित्रांनो, तुमच्याकडची यंत्रं जपा. हलकी करायची तर जरूर करा. फक्त पाना लावण्याआधी मान वर करून समोर कोण उभं आहे ते बघा. माझी सीट भिंतीवर उंच खुंटीला टांगली आहे. काल बाई शिडी न्यायला आल्या, तिच्यावर चढून सीटवरची धूळ हाताने झटकली आणि शिडी तिथेच ठेवून गेल्या. ती अजून सीटखाली उभी आहे. डॉक्टर तिला वळसा घालून हिंडतात.

कोणीतरी त्यांना सांगा. मीच सांगितलं असतं, पण माझा हॉर्न काढला आहे.