नानांचा पाय लाल होईना

विमानतळाजवळच्या एअरोसिटीतल्या सोसायटीच्या हॉलबाहेर चपलांचा ढीग पडला होता. आत चाळीसेक माणसं मांडीला लाल पट्टा आवळून बसलेली, मधोमध रक्तशुद्धीवाले बाबाजी. पाय पांढरा पडून बधिर झाला की ते गरजायचे, "जहर जम गया!" मग पट्टा सोडायचा. पाय लालबुंद, गरम, मुंग्याच मुंग्या! "देखो जी, शक्ती उतर गई!" की टाळ्या.

आमच्या हवाई दलातल्या मराठी घरांत हे वेड एका ग्रुप कॅप्टनच्या बाईंकडून आलं. सीनियरच्या बायकोला बरं वाटल्यावर ज्युनियरच्या बायकोच्या गुडघ्याची काय बिशाद दुखत राहायची!

माझे सासरे, नाना, थोडं चालले की पोटरी धरून थांबायचे. डॉक्टरांनी दिलेली तपासणीची तारीख त्यांनी बाबाजींच्या भरवशावर हुकवली. शिबिराच्या चौथ्या दिवशी माझ्या सहा महिन्यांच्या लेकीला, ईश्वरीला, कडेवर घेऊन मीच त्यांच्यासोबत गेले. बरोबर मैत्रीण ज्ञानदा होती. ती इथल्या एका वैद्यकीय संस्थेत स्नायूंवर संशोधन करते.

नानांचा पट्टा सुटला. पाय पांढराच राहिला.

"पाप भारी है," बाबाजी म्हणाले. "श्रद्धा कम. कल से आधा घंटा बांधेंगे."

नाना ओशाळले. "माझंच काहीतरी चुकत असेल गं," मला म्हणाले. जन्मभर विमानाची इंजिनं उघडून दोष शोधणारा हा माणूस स्वतःच्या पायाबद्दल माफी मागत होता. ईश्वरीनं त्यांचं बोट घट्ट धरलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याहून जास्त संताप.

ज्ञानदा उठली. "बाबाजी, मेरे हाथ पे बांधिए. मैं तो भगवान को मानती ही नहीं."

"बेटी, नास्तिक पे असर नहीं होता."

"ओ जी, तो फिर बांध के दिखाओ ना!" मागून एक सरदारजी हसले. लोकांनी लावून धरलं.

पाच मिनिटांनी पट्टा सुटला. नास्तिक हात टोमॅटोसारखा लाल!

टाळी एकही नाही. ज्ञानदानं हिंदीत सगळं समजावलं. रक्त अडलं की नसा बधिर होतात, म्हणून दुखणं घटकाभर कळत नाही. उपाशी स्नायू रासायनिक निरोप धाडतो, रक्तवाहिन्या सैलावतात आणि पट्टा सुटताच रक्त धावतं. लाली ती एवढीच. उपासमार लांबली तर मात्र तोच स्नायू दाहाचे निरोप धाडू लागतो. रक्त परतलं की त्या हाकेला संरक्षक पेशी धावतात, सूज येते, स्नायूलाच इजा होते.

"आणि नाना," ती मराठीत वळली, "तुमचा पाय लाल होत नाही, कारण रक्ताची वाटच अरुंद झाली असणार. त्यावर अर्धा तास पट्टा? पाय गमवाल!"

"सब किताबी बातें," बाबाजी पुटपुटले आणि पट्टे गोळा करू लागले.

तपासणीत निघालं तेच. मांडीतली धमनी बरीच बुजलेली. आता गोळ्या आहेत, सिगारेट बंद आहे, आणि रोज डॉक्टरांनी आखून दिल्याप्रमाणे चालणं. पोटरी दुखली की नाना थांबतात, मग पुन्हा निघतात.

बाबाजींचा चमत्कार धडधाकट पायांवरच होत होता. खरा आजारी तेवढा पापी ठरत होता! तुमच्या घरातलं कुणी चालताना असं थांबत असेल, तर त्याची श्रद्धा मोजू देऊ नका कुणाला. त्याला डॉक्टरकडे न्या, आजच.