तिसरा बेल्ट

"तुझ्या हातचा बेल्ट महिनाभर टिकत नाही, आणि म्हणे मेकॅनिक!"

शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला बांधून गाडी माझ्या शेडमध्ये आली, ती मामांची ही बोंब घेऊनच. माझे सख्खे मामा. गाव त्यांना मागून डोंगऱ्या म्हणतं, कारण त्यांचं रान पार डोंगराच्या खांद्यावर आहे आणि त्यांचा जीवही तिथंच अडकलेला. वर जायला रस्ता नाही, नुसती दगडगोट्यांची वाट. म्हणून ही चार जाड टायरांची, मोटरसायकलसारखी हँडल धरून चालवायची गाडी. चालत जायचं त्यांचं बळ गेल्या हिवाळ्यातच सरलं. डाव्या अंगावरून वारं गेलं तेव्हा.

"काय होतंय नेमकं?" मी विचारलं.

"चढ लागला की इंजिन नुसतं बोंबलतं. गाडी जागची हलत नाही. जळका वास येतो."

"चढाला लो गियर टाकता ना?"

"मला शिकव आता!"

मी झाकण उघडलं. एकदा लो नाहीतर हाय टाकलं की या गाडीत पुढं गियर बदलत बसायची भानगड नसते. क्लचच्या दोन चाकांवर एक रबरी बेल्ट फिरतो, तोच सगळं ओढतो. बेल्ट जळून काळा ठिक्कर पडला होता. चार महिन्यांतला तिसरा. मला स्वतःचीच लाज वाटली. आत पाणी शिरलंय का पाहिलं, कोरडं ठणठणीत. क्लचच्या चाकांना चर पडलेत का बघितलं, आरशासारखी गुळगुळीत. आतले रोलर गोल, स्प्रिंगा ताठ, ऑइल स्वच्छ. गाडी उचलून मागची चाकं हातानं फिरवली, तर ती भिंगरीसारखी फिरली. मागच्या ब्रेकची चकती तापून निळी पडलेली दिसली होती, पण उताराची गाडी, ब्रेक तापणारच, म्हणून मी तिकडे काणाडोळा केला. तिथंच माझं चुकलं.

"हा बेल्ट शेवटचा," नवा चढवताना मी म्हणालो. "कंपनीनं बनवणं बंद केलंय. उद्या सकाळी मी तुमच्या मागं बसून येतो. चालवताना बघतो."

"ये की. मग कळेल दोष कुणाचा ते."

सकाळी त्यांच्या अंगणात पोचलो तर मामा गाडीवर बसलेले आणि मामी वाकून त्यांचा डावा हात हँडलला बांधत होत्या. जुन्या साडीची पट्टी, पंजाभोवती चार वेढे, वर घट्ट गाठ.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

मामा दुसरीकडे बघायला लागले. मामीच बोलल्या, "हात सुटतो रे त्यांचा. बोटांना कळतच नाही धरलंय का सोडलंय. एकदा पडता पडता वाचले. तेव्हापासून मी रोज बांधून देते. कुणाला सांगू नको म्हणाले."

मी पट्टी नीट पाहिली. डाव्या हँडलच्या पुढंच मागच्या ब्रेकची लिव्हर असते. मामींनी तीही वेढ्यात घेतली होती. अर्धा ब्रेक दाबलेला, आणि मामा तसेच डोंगर चढायचे. बेल्ट जळणार नाही तर काय होणार?

मामींना कसं सांगायचं? पण सांगावं लागलं. त्या मटकन ओट्यावर बसल्या.

"म्हणजे मीच जाळले तिन्ही?"

"हात्तिच्या, एवढंच ना!" मामा मात्र खुलले. "सोड ती पट्टी. चल."

पट्टी सोडली. मी मागं बसलो. गाडी काय चढली म्हणून सांगू! आवाज मोकळा, वास नाही, ओढ नाही. मामा मान वळवून हसले. वारं गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात एका दगडावरून हँडलला झटका बसला. डावा हात सुटून मांडीवर पडला, गाडी दरीकडे वळली. मी मागून हँडलवर झेप घेतली म्हणून आज हे सांगतोय. मामा त्या हाताकडे बघत राहिले. तो सुटल्याचं त्यांना कळलंच नव्हतं.

गाडी मीच खाली आणली. मामी दारातच उभ्या होत्या.

"लिव्हर मोकळी ठेवून बांध," मामा म्हणाले.

"मग उतरताना मागचा ब्रेक कोण दाबणार? आणि गाडी उलटली तर बांधलेला माणूस तिच्याखालीच जातो, मामा."

"मग तू ने मला."

"रविवारी नेतो. दर रविवारी."

"रान रोज लागतं रे."

मामी पदरानं डोळे पुसत होत्या. मामांनी उजव्या हातानं सीट थोपटली.

"म्हणजे गाडीत काहीच बिघाड नाही?"

"काहीच नाही. नव्यासारखी आहे."

"असं कसं होईल? नीट बघितलं नसशील." जन्मात कुणापुढं न वाकलेला माणूस माझ्या खांद्याला धरून म्हणाला, "परत एकदा खोल बाबा. काहीतरी निघेल. बघ ना शोधून."

गाडी ठणठणीत आहे हे आम्हा तिघांनाही कळलं होतं. तरी मी खाली बसलो, पाना काढला आणि झाकणाचा पहिला बोल्ट सैल करायला लागलो. मामा शेजारी बसून वाट बघत राहिले.