फोडणीचा धूर

करवतीचं तुटकं पातं तुळशीरामनं दोन टाईल्सच्या मधल्या सांध्यात घातलं आणि वरून खाली ओढलं. कुरकुर आवाज झाला आणि चिमूटभर काळपट भुकटी ओट्यावर पडली. पात्याच्या एका टोकाला त्यानं चिंधी गुंडाळली होती, तरी ते तळहाताला रुतत होतंच. त्यानं हाताची पकड बदलली आणि पुन्हा ओढलं.

"तिकडून काहून सुरू केलं जी?" शांता म्हणाली. "गॅसच्या मागून करा म्हंतलं होतं न मी. खरी घाण तर तिथं आहे."

"इकडं उजेड आहे."

उजेड होता खरा. ओट्याच्या उजव्या टोकाला खिडकी होती. पण तुळशीराम उजेडासाठी तिथं बसलाच नव्हता. खिडकीजवळचे सांधे गॅसच्या मागच्या सांध्यांपेक्षा जास्त काळे होते, हे त्यानं कधीच हेरून ठेवलं होतं, आणि शांताच्या नजरेला ते येण्याआधी तो ते खरवडून टाकायच्या घाईत होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते असं. भर दुपारीसुद्धा त्याला ते दिसत होतं.

शांता खाली पाटावर बसून प्लास्टिकच्या घमेल्यात पांढरं सिमेंट कालवत होती. जुन्या पळीच्या दांड्यानं ती ते घोटत होती, मधेच दोन थेंब पाणी टाकत होती. श्रीखंडाइतकं घट्ट झालं पाहिजे, सैल झालं तर वाळल्यावर तडकतं, असं तिला दुकानदारानं सांगितलं होतं. दोन वर्षांत या भिंतीवर तिनं काय काय केलं नव्हतं! सोडा लावला, लिंबू चोळलं, दात घासायच्या ब्रशनं एकेक सांधा घासला. शेवटी संडासात टाकायचं ॲसिड आणलं. ॲसिडनं सिमेंट खाल्लं, सांधे खडबडीत झाले आणि त्या खडबडीत काळं आणखी घट्ट बसू लागलं. तिच्या बोटांची सालं निघाली ती वेगळीच.

घर दोन वर्षांपूर्वीचं. गोंदियाकडून नोकरीसाठी रायपूरला आलेला तुळशीराम अठरा वर्षं भाड्याच्या खोल्यांत राहिला. रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं, शेजारच्या सिलतऱ्यात कारखान्यांच्या चिमण्यांवर चिमण्या उभ्या राहिल्या, तसं बिलासपूर रोडच्या या नव्या कॉलनीत कर्ज काढून त्यानं दोन खोल्या आणि हे स्वयंपाकघर बांधलं. शांतानं घराबाबत एकच हट्ट धरला होता, स्वयंपाकघरात पांढऱ्या टाईल्स. मिस्त्री म्हणाला, चॉकलेटी घ्या, मळखाऊ असतात. ती ऐकेना. आयुष्यभर धुरकट भिंतींपाशी भाकरी थापल्या, आता पांढऱ्या भिंतीपाशी थापीन, म्हणाली.

सहा महिन्यांत सांधे काळे पडले. एका सकाळी तुळशीराम रात्रपाळीहून आला तेव्हा ती भिंतीला बोट लावून उभी होती. "हे काहून होऊन राहिलं जी?" तिनं विचारलं होतं. तो दमलेला होता, डोळ्यांवर झोप होती आणि बोटाला लागलेलं ते काळं काय आहे, हे त्याला एका नजरेत कळलं होतं. त्यानं मान दुसरीकडे वळवली आणि म्हणाला, "तुह्या फोडणीचा धूर असन, अजून काय."

बोलायला काय जातं? झोपेच्या घाईत माणूस काहीही बोलतो. पण शांतानं ते शब्द उचलले आणि पदरात बांधले. पहिल्यांदा तिनं मोहरी कमी केली, मग तेल तापवणं बंद केलं. लाखोळीच्या डाळीला लसणाची लाल फोडणी देणारी बाई नुसतं हळद-मीठ घातलेलं वरण पानात वाढू लागली. भाज्या शिजवलेल्या, पापड भाजलेले, तेही अंगणात. कॉलेजात जाणारी रीना ताटावर बसली की तोंड वाकडं करायची. "मम्मी, ये हॉस्पिटल का खाना है क्या?" शांता हसायची. तुळशीराम मात्र खाली मान घालून जेवायचा, आणि दुसऱ्यांदा वरण मागून घ्यायचा.

त्याला माहीत होतं कारण ते काळं त्याच्याच हातचं होतं. प्लांटात लोखंडाच्या भट्टीचा धूर चिमणीत जाण्याआधी एका यंत्रातून जातो. ईएसपी म्हणतात त्याला. आत पत्रे असतात, विजेच्या जोरावर धूळ त्या पत्र्यांना चिकटते आणि खाली पडते, चिमणीतून मग नुसती वाफ निघावी तसं दिसतं. यंत्र वीज फार खातं. म्हणून रात्री दहा वाजले की कंट्रोल रूममधला फोन वाजायचा, तुळशीराम खटका खाली करायचा आणि समोरच्या वहीत 'चालू' असं लिहायचा. पहाटे पाचला खटका परत वर. दोन वर्षांपासून त्याची पाळी कायमची रात्रीची होती. जुना माणूस, तोंडाचा पक्का, म्हणून साहेबांनी त्यालाच निवडला होता. बावन्नाव्या वर्षी दुसरीकडे कोण उभं करणार, हे साहेबांनाही ठाऊक होतं आणि त्यालाही. रविवारी विहारात पंचशील म्हणताना खोटं बोलणार नाही हे चौथं शील आलं, की त्याला नेमका खोकला यायचा.

"मले एक समजून नाही राहिलं," शांता उठून उभी राहिली होती. तिनं घमेलं ओट्यावर ठेवलं. "गॅस इकडं आहे, मंग खिडकीकडलं जास्त काळं काहून?"

त्यानं पात्यावरची भुकटी फुंकून टाकली.

"धूर हवेनं तिकडं जाते," तो म्हणाला.

"हाव, तसंच असन," ती म्हणाली आणि ओल्या फडक्यानं सांध्यातली भुकटी पुसू लागली. या काळ्याबद्दलचं हे दुसरं खोटं. पहिलं निदान झोपेत बोलला होता.

दार वाजलं ते तेवढ्यात. सरला दीदी, चार घरं सोडून राहणारी, हातात कागद आणि कानामागे पेन. तिनं छतावर वाळत घातलेली तीळ-उडदाच्या वड्यांची बिजौरी गेल्या आठवड्यात काळी झाली होती, तेव्हापासून ती पेटली होती. बिजौरीच्या आधी तिच्या नातवंडांचे कपडे, पाण्याची टाकी, तुळशीचं झाड, सगळं होऊन गेलं होतं, पण बाईचा संयम शेवटी बिजौरीवर संपला. पर्यावरणाच्या ऑफिसात अर्ज द्यायचा होता. सगळ्या वस्तीतल्या बायकांच्या सह्या घेत ती फिरत होती. तुळशीरामला पाहून ती जरा चपापली.

"भैया, आप घर पर हैं? बुरा मत मानना, आपके प्लांट का भी नाम है इसमें."

कागदावर सात प्लांटांची नावं होती. त्याच्या प्लांटचं सर्वांत वर.

शांतानं हात फडक्याला पुसले. कागद न घेताच ती म्हणाली, "दीदी, सही मी करते. पन यायच्या प्लांटचं नाव काढा."

"क्यों?"

"त्यायच्या इथं धूळ धरायची मशीन आहे. यायनंच सांगतलं मले, नोकरी लागली तवा. दिवसा पाहा न चिमणीकडं, पांढरीशुभ्र वाफ असते. बाकीच्यायचं लिवा, मी कुठी नाही म्हनून राहिली? पन जे खरं नाही ते कसं लिवायचं?"

सरला दीदीनं तुळशीरामकडे पाहिलं. त्यानं नुसती मान हलवली. हो असंही वाटावं आणि काहीच नाही असंही वाटावं, अशी.

"भैया का तो नौकरी का मामला है, वो तो बोलेंगे ही," सरला दीदी हसली. "लेकिन शांता दीदी, आप बोल रही हैं तो मैं मानती हूँ. आपके मुँह से झूठ नहीं निकलता." तिनं कागद भिंतीला लावला आणि सर्वांत वरच्या नावावर दोन आडव्या रेघा मारल्या. शांतानं खाली सही केली, एकेक अक्षर सावकाश काढत. छतावरचं काळं प्लांटांचं, ओट्यामागचं आपल्या फोडणीचं, अशी वाटणी तिनं मनात केव्हाच करून टाकली होती. चहा नको म्हणून दीदी निघाली, पुढच्या गल्लीत अजून नऊ घरं बाकी होती.

आता खरं म्हणजे तुळशीरामला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. नाव गेलं, नोकरी राहिली, आणि त्यासाठी त्याला तोंडही उघडावं लागलं नाही. पण त्याला आपल्याच घरात उभं राहायची लाज वाटत होती. त्यानं पातं उचललं, सांध्यात घातलं, आणि ते ओढायचं विसरून तसाच उभा राहिला.

शांता बोटानं सिमेंट सांध्यात दाबू लागली होती. दाबायचं, जुन्या चपलेच्या रबराच्या तुकड्यानं सारखं करायचं, ओल्या फडक्यानं टाईलवरचं पुसून घ्यायचं. चार सांधे भरून झाले. पांढऱ्या भिंतीवर पांढऱ्या रेघा. ती दोन पावलं मागं सरली आणि लहान पोरीसारखी हसली.

"कसं दिसते न जी! आता मी असं करते. पावसाळा लागेपर्यंत गॅस अंगणातच नेते. उनाचं काय, पदर घेईन डोक्यावर. पन हे पांढरं राहिलं पाहिजे."

मे महिना होता. अंगणात उघड्या पायानं उभं राहवत नव्हतं.

"शांता," तो म्हणाला. "फोडणीनं नाही होत ते."

"काय?"

"हे काळं. फोडणीनं नाही होत."

ती अजून हसतच होती. "मंग कायनं होते?"

त्यानं खिडकीकडे पाहिलं. बारीक जाळीपलीकडे घरांची छतं होती, आणि त्यांच्या मागे लांबवर चिमण्या. त्याच्या प्लांटची चिमणी त्यांत सर्वांत स्वच्छ दिसत होती.

शांताही तिकडे पाहू लागली. "पन तुमच्या इथं तर मशीन आहे."

"आहे."

"मंग?"

"रात्री बंद ऱ्हायते."

तिचं बोट सांध्यावर होतं, ते तिनं काढलं. बोटाच्या टोकावरचं सिमेंट ती अंगठ्यानं चोळत राहिली.

"कधीपासून?"

"आपण इथं आलो तवापासून."

"आन् बंद करते कोन?"

त्यानं हातातलं पातं ओट्यावर ठेवलं, आवाज होऊ नये इतक्या हलक्या हातानं. शांतानं पुन्हा विचारलं नाही. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग आपल्या सालं निघालेल्या बोटांकडे. ती ओरडली असती, घमेलं फेकलं असतं, तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं तसलं काहीच केलं नाही.

"पोट्टीले दीड वर्स फिकं खाऊ घातलं मी," ती एवढंच म्हणाली.

मग तिनं नळाखाली हात धुतले, पदराला पुसले आणि चपला न घालताच बाहेर पडली. फाटकाची कडी वाजली. तुळशीराम दारापर्यंत आला आणि पडद्याआड थांबला. सरला दीदी रस्त्याच्या वळणावर, बोरिंगपाशी एका बाईला कागद दाखवत होती.

"दीदी, थांबा जी!" शांता भराभर चालत होती, तापलेल्या डांबरावर पाय उचलून टाकत. "ते नाव परत लिवा."

"कौन सा? अभी तो आपने ही कटवाया."

"हाव. माही चूक झाली. मले धड माहीत नव्हतं आन् मी बोलून गेली. माहीच चूक आहे, दीदी. तुमी लिवा."

तुळशीरामनं पडद्याची कड मुठीत धरली. फोडणीचं जसं तिनं अंगावर घेतलं होतं, तसंच हेही घेतलं, कुणी न सांगता. त्याचं नावसुद्धा घेतलं नाही. आत घमेल्यातलं सिमेंट घट्ट होत चाललं होतं. आत जाऊन पुढचे सांधे भरायला घेतले असते तर कुणी काही म्हणालं नसतं, शांताही नाही. तिनं त्याला सोडवून टाकलं होतं, आणि नेमकं तेच त्याला सोसवेना.

तो फाटक ओलांडून रस्त्यावर आला. हाताला सिमेंटची भुकटी तशीच होती. त्याला येताना पाहून सरला दीदीनं कागद पाठीमागे घेतला. बोरिंगवरची बाई बादली ठेवून बघत राहिली.

"लिखिए दीदी," तो म्हणाला. "लेकिन सिर्फ नाम मत लिखिए. टाइम भी लिखिए. रात दस से सुबह पाँच मशीन बंद."

सरला दीदीचं पेन हवेतच राहिलं. "इतना पक्का आपको कैसे पता, भैया?"

तुळशीरामनं शांताकडे पाहिलं. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत रस्त्याकडे बघत उभी होती. या वेळी ती मधे बोलली नाही.

"बंद मैं ही करता हूँ," तो म्हणाला.