हमखास दिसणारा कलहंस

मी या तळ्यावरचा सर्वांत जुना कलहंस आहे. जुना झालो, कारण मला इथून जाताच आलं नाही. माझे भाईबंद हिवाळ्यात येतात आणि ऊन तापू लागलं की परत जातात. मी बारा महिने इथेच.

मित्रांनो, माझा जन्म फार दूर, उत्तरेकडच्या दलदलीत झाला. पहिल्याच हिवाळ्यात आईवडिलांच्या मागे उडत मी इथे आलो आणि मासे धरायच्या तुटक्या दोऱ्यात अडकलो. सुटायच्या धडपडीत उजवा पंख जायबंदी झाला. थवा निघाला तेव्हा आई माझ्यावर घिरट्या घालत ओरडत राहिली. शेवटी तीही गेली. तिला बाकीच्या पिल्लांना वाट दाखवायची होती.

मला उचललं ते वहिनीने. तिचा नवरा लोकांना तळ्याभोवती फिरवून पक्षी दाखवायचा. पाहुणे त्याला दादा म्हणत, म्हणून ती सगळ्यांची वहिनी. तिने जखम धुतली, पट्टी बांधली आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी एका खोक्यात मला ठेवलं. दादा माझ्यासाठी कोवळं गवत आणायचा. "पुढच्या थव्याबरोबर जाईल हा," म्हणायचा. माणूस वाईट नव्हता. म्हणूनच मला त्याचा जास्त राग येतो.

पंख बरा झाला. थंडी पडली, थवाही आला. पण त्याच सुमारास दाट धुकं उतरलं. दादाने पक्षी बघायला आणलेली मंडळी पहाटेपासून तळ्याभोवती फिरत होती आणि कुणाला काही दिसत नव्हतं.

"दादा, सकाळपासून नुसती लव्हाळी बघतोय," एक कॅमेरेवाला कुरकुरला.

"पक्षी काय माझ्या खिशात असतात होय?" दादा हसून म्हणाला. मग तो गुपचूप घरी आला, मला काखेत मारलं, पायाला बारीक दोरी बांधली आणि लव्हाळ्यांच्या कडेला ठेवलं. मंडळींना तिथे नेऊन त्याने ओठांवर बोट ठेवलं. "हळू. फार बुजरा आहे."

लोक खूश होऊन गेले. पुढच्या गटाने निघण्याआधीच विचारलं, "तो कलहंस दिसेल ना? तुमच्याकडे हमखास दिसतो म्हणे."

त्या संध्याकाळी दादाने कात्री आणली.

"अहो, बरा झालाय तो. सोडा आता," वहिनी म्हणाली.

"एवढा हिवाळा जाऊ दे."

"आणि मग?"

"मग बघू."

पिसं कापताना दुखलं नाही. नखं कापावीत तसंच ते. दुखलं ते थवा परत निघाला तेव्हा.

दर उन्हाळ्यात माझी जुनी पिसं गळत, नवी येत, आणि थंडीच्या तोंडावर कात्री येई. माझे फोटो लोकांच्या भिंतींवर लागले. एकाखाली 'स्वच्छंद' असं लिहिलं होतं म्हणे.

अशी कितीतरी वर्षं गेली. मग एका हिवाळी सकाळी मंडळी काठावर चहा पीत असताना थवा पाण्यावरून उठला आणि अगदी माझ्या डोक्यावरून गेला. मला राहवलं नाही. मान ताणून, थोटे पंख आपटत मी धावलो. दोरीने पाय ओढला आणि मी चिखलात तोंडावर पडलो. उठून पुन्हा धावलो. लोकांना वाटलं, मी नाचतोय. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

वहिनी किटली घेऊन उभी होती. तिचा आवाज चढला नाही. "नाचत नाही तो. त्याला जायचंय. पायाला दोरी आहे, बघा."

"अगं, तू चहा दे," दादा म्हणाला.

"असू द्या हो वहिनी," एक कॅमेरेवाला म्हणाला, "फोटो झकास आलाय."

मंडळी गेल्यावर वहिनीने माझी दोरी सोडली आणि कात्री तळ्यात भिरकावली. त्यानंतर माझ्या पिसांना कुणी हात लावला नाही. उन्हाळ्यात ती गळली, पुन्हा आली आणि पूर्ण वाढली. हिवाळा आला तसं वहिनीने मला उतारावर नेलं. "जा बाळा," म्हणाली.

मी धावलो, उठलो, आणि कुंपणाच्या उंचीवरून खाली आलो. पंखात बळच नव्हतं. इतकी वर्षं न वापरलेला सांधा आखडून गेला होता. सगळा हिवाळा ती मला रोज उतारावर नेत होती. थवा गेला तेव्हा मी उथळ पाण्यात उभा होतो.

दादा माझ्याजवळ चिखलात येऊन बसला. "मला वाटलं, केव्हाही सोडलं तरी तू उडशील," म्हणाला. मी त्याच्या हातावर जोरात चोच मारली. रक्त आलं, तरी त्याने हात मागे घेतला नाही. मला त्याची दया आली नाही.

आता दोरी नाही, कात्री नाही. पाहुणे मात्र अजून मलाच विचारत येतात.

मित्रांनो, जखमी जीव सापडला तर जरूर उचला, त्याला बरं करा. पण बरा झाला की त्याच दिवशी सोडा. आणि तळ्यावर जाऊन कधी एकही पक्षी दिसला नाही, तर तसेच घरी परत या. ते काही फार अवघड नसतं. तुम्हाला परत जाता येतं.