मावशीचं उगवलेलं आतडं

रुग्णालयाच्या पोटविकार विभागात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्या मावशीचं मोठं आतडं परत उगवलं होतं!

बातमी खुद्द डॉक्टरांच्या तोंडची. मावशीला आतड्याच्या सुजेचा जुना आजार. आदल्या दिवशी नव्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली, मग संगणकाकडे पाहिलं आणि किंचाळले, "अहो, हे तर काढलेलं आहे!" प्रत्येक भेटीच्या नोंदीत तेच होतं: मोठं आतडं काढलेलं.

झालं! मावशी महिनाभर बाटलीबुवाचं मंतरलेलं पाणी पीत होती. बुवा खोकाभर बाटल्या घेऊन हजर. "पालीला शेपूट फुटतं, मग माझ्या भक्ताला आतडं नाही फुटणार? गोळ्या फेका, बाटल्या घ्या!"

"मावशी, तुझं आतडं काढलं कधी?" मी विचारलं.

"मला काय माहीत? मागे तपासताना गुंगी दिली होती, तेव्हा काढलं असेल. संगणक काय खोटं बोलेल?"

शेजारच्या बाकावर एक शाळकरी मुलगी बसली होती, पांढरीफटक. तिलाही हाच आजार. बुवाचं ऐकून आईने तिच्या गोळ्या बंद केल्या होत्या आणि शौचातून पुन्हा रक्त पडू लागलं होतं. आई तरीही बाटलीच्या रांगेत. माझं डोकंच फिरलं.

पण बोलली ती मुलगीच. "आजी, तुमचा वण दाखवा ना. माझं अपेंडिक्स काढलं, त्याचा आहे मला."

मावशी तिला आणि तिच्या आईला घेऊन पडद्याआड गेली. आई बाहेर आली ती गोंधळून. "अहो, पोटावर साधा ओरखडा नाही!"

"वणही मीच मिटवला!" बुवा गरजला.

"मग जुना फोटो बघू," गलका ऐकून बाहेर आलेल्या डॉक्टरांना मी म्हणालो. त्यांनी गेल्या वर्षीचं स्कॅन उघडलं. तेव्हा बाटली नव्हती, नोंद मात्र 'काढलेलं' अशीच होती. आणि आतडं? जागच्या जागी, अख्खं!

डॉक्टर कानापर्यंत लाल झाले. कधीतरी कुणीतरी संगणकातल्या यादीतून 'तपासलं' निवडताना बोट खालच्या ओळीवर पडलं, 'काढलं'वर. पुढच्या सगळ्या विद्वानांनी 'मागीलप्रमाणे' हे बटण दाबलं. पोट कुणीच पाहिलं नाही. जे कापलंच नव्हतं, ते बुवाने उगवून दाखवलं!

बुवाने खोकं उचललं आणि काढता पाय घेतला. आईने हातातली बाटली मोरीत ओतली, पर्समधून गोळ्या काढल्या. मुलीने गोळी गिळली, नळाच्या पाण्याबरोबर.

बाबांनो, बुवाला प्रश्न विचारा, आणि संगणकालाही. दोघांनाही राग येत असेल तर येऊ द्या.

डॉक्टरांनी मुलीची नोंद उघडली. हात सवयीने 'मागीलप्रमाणे'कडे गेला, थबकला.

"झोप बाळा," ते म्हणाले, "आधी पोट बघू दे."