बदल फक्त पिशवीत

इसरूकाकाच्या मुतात वर्षभर रक्त पडत होतं. तो त्याला उन्हाळी म्हणायचा आणि पळसाच्या फुलांचं पाणी प्यायचा. शेवटी मी त्याला धानोऱ्याहून ओढत मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नळी घालून लघवीच्या पिशवीतली गाठ खरवडून काढली. कॅन्सरच निघाला, पण वरवरचा, वेळेत सापडलेला. आम्ही खुशीत निघालो, तर रिपोर्ट देणारा माणूस मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, "जीनमध्ये बदल आहे." झालं. पुढचा नंबर.

जीन हा शब्द आमच्या गावाला नवा नाही. सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी करणारे वर्षानुवर्षं येऊन सांगतात, जीनमध्ये खोट असली की लेकरात उतरते, लग्नाआधी तपासणीची कार्डं जुळवा. आम्ही पत्रिका बघत नाही, कार्ड बघतो. काकाची पोरगी दिव्या आणि शेजारच्या गावचा अंकुश, दोघांची कार्डं साफ होती. लग्न ठरलेलं होतं.

परतीच्या बसमध्ये मला डुलकी लागली, तेवढ्यात काका अंकुशच्या गावाला उतरला. अंकुशच्या आईला, बुधरीबाईला, उभ्याउभ्याच सांगून आला, "माह्या जीनमध्ये खोट निघाली. पोरीतबी असन. तुमाले फसवू नाई शकत मी. लगन मोडलं."

शहरातले याला अडाणीपणा म्हणतील. म्हणू द्या. अर्धं वाक्य तोंडावर फेकून मोकळा झाला, तो रिपोर्टवाला अडाणी. काकाला जे शिकवलं होतं, तेच त्याने इमानाने लागू केलं.

दिव्या रडली नाही, भांडली.

"काऊन मोडलं? मले इचारलं का?"

"तुह्या लेकराईले झालं तं?"

"डॉक्टरनं तसं सांगितलं?"

"जीन म्हणलं ना त्यानं!"

"चाला मंग. मीच इचारते."

दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघं त्याच दवाखान्यातल्या डॉ. उर्वशी मॅडमसमोर बसलो. सगळं ऐकून मॅडम हसल्या नाहीत, तिथंच मी त्यांना मानलं. त्यांनी काकाला विचारलं, "धान लावता ना? बियाण्यातच खोट असली तर?"

"वावरातली सारी बांधी खराब."

"आणि बियाणं चांगलं, पण बांधीच्या एका कोपऱ्यात कुणी रोज जळकं ऑइल ओतलं तर?"

"तेवढाच कोपरा जळन."

"सिकलसेल बियाण्यातला आहे. तुमचा आजार कोपऱ्यातला. बिड्या किती ओढता?"

"दिवसाले दोन कट्टे. मिसरूड फुटाच्या आधीपासून."

"तेच ऑइल. धुरातलं विष रक्तातून लघवीत उतरतं आणि पिशवीत तासन् तास साचून राहतं. त्यानं तिथल्या पेशींचे जीन बिघडले. तुमच्या जन्मानंतर, तिथल्या तिथं. पोरीला ते मिळालेले नाहीत. काही मोजक्या घराण्यांत हा आजार पिढीतून येतो, पण तुमच्या घरी तसं काही दिसत नाही."

काकाने दिव्याकडे बोट केलं. "म्हणजे माह्यामुळं पोरीत काई नाई?"

"नाही. तुमची पिशवी मात्र दर तीन महिन्यांनी बघावी लागेल. आणि बिडी बंद."

"ते करीन, मॅडम. पोरीत नाई ना? पुन्ना एकडाव सांगा."

मॅडमनी पुन्हा सांगितलं.

तिथून काका आम्हाला घेऊन सरळ बुधरीबाईच्या अंगणात गेला. ती मोहफुलं वाळत घालत होती. काका चोरासारखा उभा राहिला. "इहिनबाई, चुकलो. लगन मोडलं नाई."

"आमच्याकडून मोडलंच कवा होतं?" बुधरीबाई खाली बघतच म्हणाली. "तुमी आले, बोलले, पानी न पेता पळाले. अंकुश म्हणे, सासरेबुवा बिमार हाय, डोस्कं गरम झालं असन. मांडवाच्या बल्ल्या आणाले गेला हाय तो."

"अन् खरंच खोट असती तं?"

"तं मी दिव्याले इचारलं असतं. तुमाले काऊन इचारू? लगन तुमचं हाय का?"

"मीबी हेच म्हणून राह्यली," दिव्या बोलली, आणि मग दोघी मिळून त्याच्यावर तुटून पडल्या.

काका खाली बसला आणि ऐकता ऐकता मोहफुलं पसरू लागला. शिव्या खाताना एवढा सुखी दिसणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.