आईंच्या हाताला पेलेल असं

सोमवारी मला कामावर रुजू व्हायचं होतं आणि माझा जीव स्वयंपाकघरात अडकला होता. छोटी नुकती चालायला लागलेली, दिवसभर तिला सांभाळणार माझ्या सासूबाई, आणि त्यांच्या मनगटांत संधिवात. बाटलीचं घट्ट झाकण त्या दाराच्या फटीत धरून उघडतात. अलीकडेच खालच्या मजल्यावर शेगडीजवळ वाळत टाकलेलं फडकं पेटलं आणि भिंत छतापर्यंत काळी झाली. तेव्हाच मी मनाशी ठरवलं की आग विझवायचं नळकांडं घरात येईल, आणि ते आईंना चालवता येईल, तरच मी कामावर जाईन. नाहीतर रजा वाढवायची. पण रजा याआधीही वाढवली होती. पुन्हा मागितली असती तर आमच्या मॅडमनी गोड आवाजात माझ्या जागी दुसरी कुणीतरी बघितली असती.

नवरा म्हणाला, एवढा बाऊ कशाला, जिन्यात लटकतंय की एक. मी त्याला जिन्यात नेऊन दाखवलं. दाबाचा काटा कधीचा लाल पट्ट्यात जाऊन पडलेला आणि नळीत कोळ्याने संसार थाटलेला. त्याने गाडीची किल्ली घेतली.

आईही छोटीला घेऊन गाडीत बसल्या. छोटी त्यांच्या मांडीवर झोपली तेव्हा खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "इतकी वर्षं मी स्वयंपाक केला, घर काही जाळलं नाही." मला काय म्हणायचं होतं ते त्या क्षणी कसंही सांगितलं असतं तरी वाकडंच लागलं असतं, म्हणून मी छोटीची टोपी सारखी केली.

आग विझवायच्या सामानाच्या दुकानात भिंतीला लागून लाल नळकांडी उंचीप्रमाणे उभी होती, शाळेतल्या रांगेसारखी. दुकानदाराने थेट शेवटच्या धिप्पाड गड्यावर हात ठेवला. घराच्या बाबतीत हात आखडता घेऊ नये, असं त्याचं म्हणणं. नवऱ्याचे डोळे चमकले. त्याला मोठं ते चांगलंच वाटतं, आमचा टीव्हीही भिंतीपेक्षा जेमतेम लहान आहे. मी म्हटलं, आधी आईंना उचलू दे. छोटीला माझ्याकडे देऊन आईंनी दोन्ही हात लावले, जरासं हलवलं आणि दुकानदाराकडे असं पाहिलं की त्याने ते स्वतःहून मागे सारलं.

मग पाण्याचं निघालं. ते मीच नको म्हटलं, कारण पेटत्या तेलावर पाणी पडलं की भडका उडतो आणि विजेच्या तारेजवळ तर ते आणूच नये. वायूचं होतं, त्याने पसारा होत नाही, पण तेही जड, शिवाय कपडे किंवा लाकूड पेटलं असेल तर वायू उडून गेल्यावर पुन्हा धुमसायला लागतं. राहिलं भुकटीचं, दोन किलोवालं. कापड, लाकूड, तेल, गॅस, वीज, सगळ्याला चालणारं. नंतर घरभर पांढरं होतं खरं, पण भुकटी झाडता येते. काटा हिरव्या पट्ट्यात होता. आईंनी ते उचलून छातीशी धरलं.

"छोटी जन्मली तेव्हा एवढीच होती," त्या म्हणाल्या. मला वाटलं, झालं काम.

पण मी बिल करू दिलं नाही. चालवून बघायचं, म्हटलं. दुकानामागच्या अंगणात सरावासाठी एक लोखंडी तसराळं होतं. दुकानदाराने त्यात जरासं डिझेल पेटवलं आणि सरावाचं नळकांडं आईंच्या हातात दिलं. आधी पिन ओढायची, मग दांडा दाबायचा. आईंनी पिन ओढली. हलेना. पुन्हा ओढली, ओठ आवळून. दुकानदाराने पुढे होऊन एका झटक्यात काढून दाखवली, परत बसवली आणि म्हणाला, काकू, थोडा जोर हवा. तिसऱ्यांदाही तेच. आई मनगट चोळत बाजूला झाल्या.

"राहू दे गं. माझ्याने नाही व्हायचं. तू रजा वाढव."

नवरा माझ्याकडे बघेना. मी मात्र आईंच्या हातांकडे बघत होते. उजव्या हाताने पिन ओढताना त्यांचा डावा हात वरचा दांडा घट्ट आवळत होता. दांडा आवळला की पिन आत दाबून धरली जाते. दुकानदाराच्या हातात ताकद होती म्हणून त्याला हे कधी जाणवलंच नव्हतं.

"आई, दांड्याला हात लावू नका. नळकांडं खाली जमिनीवर ठेवा, त्याच्या गळ्याला धरा, आणि पिन ओढा."

केसातून आकडा निघावा तशी पिन निघून आली. आई क्षणभर तिच्याकडे बघतच राहिल्या. मग नळकांडं उचललं, वारा पाठीशी घेतला, एक हात बुडाला दिला आणि दांडा तळव्याने दाबला. पहिला फवारा ज्वाळांच्या डोक्यावरून गेला. "खाली, मुळाशी," मी म्हटलं. त्यांनी नळकांड्याचं तोंड खाली केलं आणि अंगण झाडावं तसं डावीकडून उजवीकडे झाडून काढलं. ढग विरला तेव्हा तसराळं भुकटीने पांढरंफटक आणि विझलेलं. पलीकडे ट्रक भरणाऱ्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. आईंच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, आणि त्या पुसायचं नाव काढत नव्हत्या.

मग नवऱ्याची पाळी. त्याची पिन अडकली.

"आधी आवळू नकोस रे," आई म्हणाल्या. "बापावर गेलायस, सगळ्यात घाई."

घरी आल्यावर त्याला विकत घेतलेलं नळकांडं शेगडीशेजारी टांगायचं होतं. शेगडीच पेटली तर मी ज्वाळांतून हात घालू का, असं त्याला विचारून आईंनी बाहेरच्या दाराजवळ जागा दाखवली, छोटीच्या हाताबाहेर, स्वतःच्या छातीइतक्या उंचीवर. शिवाय आधी गॅस बंद करायचा आणि आग मोठी असली तर छोटीला घेऊन सरळ बाहेर पडायचं, हे त्यांनी त्याच्याकडून वदवून घेतलं.

सोमवारी मी चपला घालत होते. आई छोटीला कडेवर घेऊन दारात उभ्या होत्या.

"जा आता. आणि तासातासाला फोन करू नकोस, मला कामं असतात."

मी दुपारी एकदाच केला. तोही जेवलात का विचारायला.